पौष-माघाची थंडी आणि टमाटरची रोपे
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाने वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न देता टमाटरची दोन-दोन रोपे दिली. कल्पना सर्वांना आवडली. प्रत्येकीने रोपे पदराआड झाकून कौतुकाने घरी नेली. परंतु पुढच्या पंधरा दिवसांत जी भेटेल ती एकच गोष्ट सांगू लागली, की रोप जागचे हलत नाही, पाने खालून जांभळी पडली, सकाळी मान टाकते. रथसप्तमी येईपर्यंत बऱ्याच जणींच्या कुंड्या रिकाम्या झाल्या होत्या. कोणी म्हणाली रोपेच खराब होती, कोणी म्हणाली दृष्ट लागली. यंदाही वाण रोपांचेच आहे. म्हणून चालकांनी मला सांगितले की, तुम्ही वाडीत बारा महिने काहीतरी लावीत असता, तेव्हा थंडीत रोपे कशी जगवावी यावर चार शब्द बोला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करण्याची सवय नाही. पण रोपे जगवण्याची आहे, म्हणून उभी राहिले.

आधी टमाटरविषयी थोडे. आपल्याकडे जुन्या बाया याला भेदरं म्हणतात, आणि भेदराची चटणी म्हटले की तोंडाला पाणी सुटते, इतके ते आता आपले झाले आहे. पण हे झाड मूळचे इथले नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशाच्या बाजूला. तिथून ते मेक्सिकोत गेले, स्पेनच्या लोकांनी युरोपात नेले आणि पुढे पोर्तुगीज व इंग्रजांच्या मार्फत आपल्याकडे आले. बंगाली लोक त्याला अजून विलायती वांगे या अर्थाचे नाव देतात, आणि ते खरेही आहे, कारण वांगे, मिरची, बटाटा आणि टमाटर ही एकाच कुळातली भावंडे. त्यांतही टमाटर फार नाजूक जातीचे. हरभरा, गहू, कोबी, वाटाणा यांना थंडी मानवते. टमाटरला वीस ते सत्तावीस अंशांची हवा आवडते. दहा अंशांखाली ते वाढायचे थांबते, आणि पानातले पाणी गोठले की मरते.

आता कोणी म्हणेल, आपल्या कन्हानला कुठे बर्फ पडतो? नागपूर म्हणजे उन्हाचे गाव! खरे आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान सरासरीने बारा-तेरा अंश असते. परंतु सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे नागपूरला पारा ३.५ अंशांवर आला होता. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा. म्हणजे एक्याऐंशी वर्षांनी तो मोडला. अशी थंडी रोज येत नाही, पण सात-आठ अंशांच्या चार-पाच रात्री बहुतेक प्रत्येक हिवाळ्यात येतात, आणि कोवळ्या रोपाला त्या पुरतात.

आपली कन्हान नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तिकडची पुष्कळ कुटुंबे खाणीच्या निमित्ताने आपल्या गावात येऊन राहिली आहेत. आमच्या शेजारीच तिकडच्या एक वहिनी आहेत. त्या नव्या नव्या आल्या तेव्हा एकदा मला म्हणाल्या, "बाई, आज रात को पाला पडेगा." मला वाटले झाडाची पाने गळणार म्हणतात. मग कळले की सातपुड्यापलीकडे पाला म्हणजे दव गोठून पिकावर पडणारी ती पांढरी बुरशीसारखी साय. आपल्या भाषेत दव आहे, धुके आहे, दहिवर आहे, हिव आहे. पण पिके मारणाऱ्या त्या गोठलेल्या दवाला आपल्या बोलण्यात रोजचा शब्द नाही, कारण ते रोजचे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी ते काही वर्षी दिसते आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. नाशिककडे निफाडच्या भागात द्राक्षवाले त्याला भितात. २०१८ च्या त्याच थंडीत तिकडे पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता, आणि बागांतून शेकोट्या पेटवून लोक रात्रभर जागले होते. आपल्याकडे पांढरी साय क्वचितच दिसते. पण साय दिसली नाही म्हणून रोप वाचले असे समजू नये. नुसत्या गारठ्यानेही मुळे आखडतात, जमिनीतले स्फुरद त्यांना ओढता येत नाही, म्हणून पाने खालून जांभळी पडतात. पाणी भरपूर असूनही रोप सकाळी मान टाकते, कारण गार मातीत मुळे पाणी उचलीत नाहीत. आपण मात्र सुकले समजून आणखी पाणी ओततो. गेल्या वर्षीच्या वाणाचे दुखणे बहुतेक हेच होते. त्यात दृष्टीबिष्टीचा काही संबंध नव्हता.

एक मात्र नीट समजून घ्यावे, की आपल्याकडे हे रोप वाचवणे इतके महत्त्वाचे का. इंग्लंड-जर्मनीकडे थंडी लांबते, पण पुढे उन्हाळा मवाळ असतो. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना बर्फाच्या संतांचे दिवस म्हणतात. ते पाच दिवस जाईपर्यंत जुने लोक टमाटर बाहेर लावीत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या परीने एकच गोष्ट धरून ठेवली आहे. पण फरक असा, की त्यांनी थांबले तर चालते, आपण थांबून चालत नाही. टमाटरच्या फुलाला फळ धरायला रात्र फार गार चालत नाही आणि दिवस फार तापलेलाही चालत नाही. दिवसा पस्तीस-छत्तीसच्या वर पारा गेला की फुले गळू लागतात. नागपूरला मार्च संपता संपता तो तिथे पोहोचतो आणि एप्रिलात चाळिशी गाठतो. म्हणजे थंडी आणि ऊन या दोन दारांच्या मधली आपली फट केवढीशी! डिसेंबरात बी टाकावे, जानेवारी अखेर रोप लावावे, फेब्रुवारी अखेर फूल यावे आणि मार्चात फळ धरावे, तरच उन्हाळी टमाटर हाती लागते. थंडीने रोप मारले आणि आपण पुन्हा बी टाकले, तर नुकसान महिन्याचे होत नाही, हंगामच जातो.

आमच्या वस्तीत एक काकू आहेत. नदीकडच्या बाजूला जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन भाजीपाला करतात आणि तो विकून घर चालवतात. त्यांचे घरधनी नाहीत. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी रोपांचे तीन वाफे केले होते. दोन खालच्या अंगाला, नदीकडे उताराच्या शेवटी, आणि एक वर, विहिरीजवळच्या जुन्या विटांच्या भिंतीला लागून. त्या शनिवारी पहाटे मी त्यांच्यासोबत गेले होते. खालच्या दोन वाफ्यांतली पाने उकडलेल्या भाजीसारखी झाली होती, हिरवीगार पण ओली, पारदर्शक. ऊन चढले तशी ती काळी पडली. वरच्या वाफ्यावर त्यांनी आदल्या संध्याकाळी दोन जुनी लुगडी टाकली होती, खालच्यांना पुरली नाहीत म्हणून. वरचा वाफा जसाच्या तसा उभा होता. त्या वाफ्याची लागवड जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाली आणि त्याला मार्चात फळ लागले. खालच्या वाफ्यांसाठी त्यांनी पुन्हा बी आणले. थंडीत ते सावकाश उगवले, लागवड फेब्रुवारीच्या मध्यावर गेली, फुलोरा मार्च संपताना आला आणि एप्रिलच्या उन्हात निम्म्याहून जास्त गळून गेला. एकाच बाईचे हात, एकच बियाणे, एकच पाणी. दोन लुगड्यांनी आणि एका भिंतीने एवढा फरक केला. त्या वर्षी काकूंच्या मुलीची बारावी होती. फीचे पैसे त्या वरच्या वाफ्यातून निघाले, हे त्यांनीच मला सांगितले, आणि इथे सांगायला त्यांची परवानगी आहे.

असे का झाले? दिवसभर जमीन ऊन खाते आणि रात्री ती ऊब आकाशाकडे सोडते. आभाळ असले तर ते गोधडीसारखे वरून पांघरलेले असते, ऊब अडते. वारा असला तर वरची उबदार हवा आणि खालची गार हवा यांची ढवळाढवळ होते. पण आभाळ निरभ्र, तारे लखलखीत आणि वारा पडलेला अशी रात्र असली म्हणजे जमीन आणि पाने भराभर निवतात. पान हवेपेक्षाही गार होते. वेधशाळेचे तापमापक जमिनीपासून चार फुटांवर पेटीत असते. तिथे चार अंश असले तरी उघड्या पानावर शून्य असू शकते. म्हणून वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर पाच अंश वाचले आणि "अजून पाच आहेत" म्हणून निजलो, असे करू नये. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. नदीकाठचे खालचे वाफे याच कारणाने गेले. तुमच्या अंगणातही जिथे पावसाचे पाणी साचते, तिथेच हिवाळ्यात गारठा साचतो, असे धरून चालायला हरकत नाही. धुक्याला मात्र उगाच भिऊ नका. दाट धुके पडले त्या रात्री ऊब अडते, पाला पडण्याची भीती उलट कमी असते. धुक्याने करपा वगैरे रोग येतात, ती गोष्ट वेगळी.

रात्र कशी ओळखावी? मी असे पाहते. आधी एक-दोन दिवस ढग येतात, कधी शिंतोडाही पडतो. उत्तरेत हिमालयात बर्फ पडल्याची बातमी येते. मग आभाळ स्वच्छ होते आणि उत्तरेचा बोचरा वारा सुटतो. वारा आहे तोवर माणसाला फार थंडी वाजते, पण रोपाची खरी कसोटी त्यानंतर, वारा पडेल त्या रात्री. दिवेलागणीला चुलीचा धूर सरळ वर गेला आणि पान हलेना, की मी साड्या काढते. प्रादेशिक हवामान केंद्र आपल्या नागपूरलाच आहे. त्यांचा अंदाज मोबाईलवर मुले वाचून दाखवतात, तोही पाहावा. पण धुराकडे पाहायला विसरू नये.

आता प्रत्यक्ष करायचे काय? पहिली गोष्ट पाणी. थंडीत पाणी देऊ नये असा आपल्याकडे समज आहे. कुंडीत चिखल करू नये हे बरोबर; परंतु कोरडी मोकळी माती ऊब धरीत नाही, ओली माती धरते आणि रात्रभर हळूहळू सोडते. आपल्या नदीकाठची रेताड माती तर कोरडी असली की लगेच निवते. म्हणून थंडीची रात्र येणार असे दिसले की त्या दिवशी दुपारच्या आत बुडाशी पाणी द्यावे, म्हणजे त्या ओल्या मातीला चार तास ऊन मिळते. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असले तर उत्तम, हिवाळ्यात ते हाताला कोमट लागते. टाकीतले रात्रभर निवलेले पाणी सकाळी सकाळी रोपावर ओतणे म्हणजे तापात थंड पाण्याने न्हाऊ घालण्यासारखे आहे. पानांवर पाणी शिंपडू नये.

दुसरे, तनिस किंवा कुटार बुडाशी पसरण्याची चांगली सवय आपल्यातल्या पुष्कळ जणींना आहे. उन्हाळ्यात ती फार गुणाची. पण कडक थंडीच्या रात्री हेच तनिस जमिनीची ऊब खाली दाबून ठेवते आणि वरचे रोप उघड्यावर गारठते. त्या चार-पाच रात्री ते बाजूला सारावे, माती उघडी ठेवावी. रोप अगदी लहान असेल आणि तनिस त्याच्या अंगावरूनच हलके पसरले तर मात्र चालते. मग माती आणि रोप दोघेही एकाच पांघरुणात येतात.

तिसरे पांघरूण, आणि खरी मदार त्यावरच. पांघरुणाने ऊब निर्माण होत नाही. जमिनीतून निघणारी ऊब ते अडवते, एवढेच. म्हणून कापड चारही बाजूंनी जमिनीला टेकले पाहिजे आणि कडांवर विटा किंवा माती ठेवली पाहिजे. मी पुष्कळ ठिकाणी पाहते, रोपाच्या डोक्यावर रुमाल गुंडाळून बुंध्याशी सुतळीने बांधलेला असतो. दिसायला छान दिसते, कानटोपी घातल्यासारखे. पण जमिनीची ऊब बाहेरच्या बाहेर निघून जाते आणि रोप टोपीत गारठते. तुराट्या किंवा पराट्या चार बाजूंना रोवून त्यावर जुनी साडी टाकावी. सुती असली तर फार चांगले, दुहेरी केली तर आणखी चांगले. प्लास्टिकचा कागद वापरायचाच असेल तर तो पानांना चिकटू देऊ नये. जिथे चिकटतो तिथले पान हमखास जळते. एकेका रोपाला टोपले, कोंबड्या झाकायचे डालं, फुटके मडके, जुना डबा, काहीही पालथे घालता येते. कामठीच्या बाजूचे कुंभार तडा गेलेली मडकी जवळजवळ फुकट देतात. पांघरूण सूर्य मावळण्याच्या सुमारास घालावे. जेवणे आटोपून नऊ वाजता घातले तर अडवायला ऊब उरते किती? आणि सकाळी आठ-साडेआठला, ऊन अंगावर आले की, काढलेच पाहिजे. दिवसभर झाकून ठेवलेले रोप उजेडासाठी लांबट, पिवळे होते आणि प्लास्टिकखाली तर दुपारी उकडून निघते.

भिंतीचे मी वर सांगितलेच. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री शेजारणीसारखी उपयोगी पडते. आपल्या क्वार्टरांच्या मागे अशा भिंती पुष्कळ आहेत; आपण तिथे भांडी घासायची जागा करतो. भिंत नसेल त्यांनी काळ्या रंगाचे डबे किंवा जुन्या घागरी पाण्याने भरून रोपांच्या रांगेत उन्हात ठेवाव्या आणि रात्री त्याच पांघरुणाखाली घ्याव्या. पाणी फार सावकाश निवते. खर्च काही नाही.

आता धुराविषयी. थंडीच्या रात्री शेताच्या कडेला कचरा पेटवून धूर करावा, असे सर्वत्र सांगतात. माझे मत थोडे निराळे आहे. धुराने रात्र उबदार होत नाही. जी काही ऊब मिळते ती विस्तवाची. द्राक्षबागेत लहान लहान शेकोट्या पुष्कळ ठिकाणी पेटवतात त्याचा उपयोग होतो. एकच मोठी होळी केली तर तिची ऊब सरळ वर जाते आणि आजूबाजूची गार हवा उलट आत ओढली जाते. पण हे एकरांच्या बागेचे झाले. चार वाफ्यांसाठी वस्तीत टायर आणि प्लास्टिक जाळून लेकरांना खोकला लावण्यात काय शहाणपण आहे? आपल्या गावाला आधीच धूळ आणि धूर कमी नाही.

आणि विस्तवाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कुंड्या रात्री घरात घ्याव्या हे चांगले. छपरीत, ओसरीवर, जिन्याखाली, कुठेही. पण कुंड्यांना आणि आपल्यालाही ऊब हवी म्हणून कोळशाची पेटती सिगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून कोणी निजू नये. आपण कोळशाच्या गावात राहतो, सिगडी आपल्या ओळखीची, म्हणून तिची भीती वाटत नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर निघून गेला, आता निखारे लाल झाले, म्हणजे धोका गेला असे वाटते, आणि धोका तेव्हाच असतो. माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येते आणि बहुतेक वेळा त्यात लहान मुले असतात. टमाटरची दोन रोपे मेली तर पुन्हा मिळतील.

इतके करूनही एखाद्या सकाळी पाने काळवंडलेली दिसली तर लगेच उपटू नये आणि कात्रीही लावू नये. कापड तसेच राहू द्यावे, ऊन एकदम अंगावर पडू देऊ नये. सावकाश निवाऱ्यात सुधारू द्यावे. आठ-दहा दिवस थांबावे. शेंडा गेला तरी बुंध्याजवळच्या डोळ्यातून पुष्कळदा नवा फुटवा येतो, आणि मग नेमके कुठपर्यंत मेले ते आपोआप दिसते. तेवढेच कापावे. या दिवसांत युरिया देऊ नये. युरियाने पाने लुसलुशीत होतात आणि लुसलुशीत पान थंडीला आधी बळी पडते. चुलीची लाकडाची राख थोडी दिली तर चालते. कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात घालू नये, ती दिसायला सारखी असली तरी गुणाने सारखी नाही.

रोपाला लहानपणापासून थोडी सवयही लावता येते. लावणीच्या आधी आठ दिवस पाणी थोडे आवळावे, दिवसा उघड्यावर ठेवावे, पहिल्या रात्री निवाऱ्यात, मग हळूहळू उघड्यावर. असे रोप ठेंगणे, जाड देठाचे, किंचित काळपट हिरवे होते. बाजारात आपण लांबलचक, कोवळे, टवटवीत रोप पाहून भुलतो. त्यापेक्षा हे ठेंगणे घ्यावे. लावताना खालची पाने काढून देठ मातीत खोल पुरावा. टमाटरच्या देठाला मातीत मुळे फुटतात, त्याने रोप पक्के होते. बियाण्याबद्दल सांगायचे तर दिल्लीच्या पुसा संस्थेने पुसा शीतल नावाचे वाण काढले आहे. रात्री आठ अंशांपर्यंत पारा उतरला तरी ते फळ धरते. मिळाले तर लावून पाहावे. पण फळ धरणे वेगळे आणि गोठण्यातून वाचणे वेगळे. पांघरूण त्यालाही लागतेच.

एक अडचण कोणी बोलून दाखवीत नाही, ती मी बोलते. ही सगळी कामे संध्याकाळी आणि पहाटे करायची असतात, आणि त्याच वेळी बाईला घरात शंभर कामे असतात. दिवेलागण, स्वयंपाक, सकाळी डबे, पाळीवर जाणाऱ्यांचा चहा. तेव्हा साड्या टाकायचे काम मी घरातल्या मुलांना दिले आहे आणि सकाळी काढायचे काम यांना. रात्रपाळीहून आले की आधी वाडीत जाऊन साड्या काढतात, मग चहा. सुरुवातीला कुरकुर झाली. आता एखाद्या दिवशी मी विसरले तर तेच आठवण करून देतात, कारण भेदराची चटणी त्यांनाही लागते. २०२३ च्या जुलैत टमाटर शंभर रुपये किलोच्या वर गेले होते, तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फोडी होत्या. नीट जगलेले एक झाड दोन-अडीच किलो फळ सहज देते. त्याचा हिशेब तुम्हीच करा.

यंदाच्या वाणाची रोपे मी आणि आमच्या वस्तीतल्या काकूंनी मिळून आठ दिवस बाहेर ठेवून कणखर केली आहेत. दिसायला ती गेल्या वर्षीपेक्षा लहान आहेत, म्हणून नाक मुरडू नये. प्रत्येकीने दोन घ्यावी. जिच्याकडे उन्हाची भिंत आहे तिने चार घेतली तरी हरकत नाही. ज्यांच्याकडे जुन्या सुती साड्या पडून आहेत त्यांनी येत्या गुरुवारपर्यंत मंडळाच्या खोलीवर आणून द्याव्या. नदीकाठी भाजीपाला करणाऱ्या बायांना त्या द्यायच्या आहेत, आणि अजून वीस-पंचवीस तरी कमी पडतात. फाटकी असली तरी चालेल, धुतलेली असावी.